तक्त्याची शेवटची ओळ

४ फेब्रुवारी

टिल्लू,

पार्सल काल मिळालं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नव्या अक्षरांच्या तक्त्याचं गुंडाळं मी न सोडता तसंच डॉक्टरांकडे पोचवलं. जुना फारच पिवळा पडला होता, तोही तूच रंगवलेला. आपल्या घराची पाटी मात्र मी दारातच उघडली, आणि बघतच राहिले. अरे, हे काय करून पाठवलंस?

अक्षरं ठीक आहेत. पण कडेच्या त्या दोन पांढऱ्या रेघा! मधोमध येऊन अशा डुगडुगल्यात, जसा पाण्यात पडलेला दोरा. चाळीस वर्षं पाट्या रंगवणारा माणूस तू. पट्टी न लावता रेघ मारायचास आणि लोक बोट दाखवून बघायचे. मला तर रडूच आलं. मुलगा म्हणतो, "आई, छान आहे की." त्याला काय कळतंय, त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. मी पाटी कपाटामागे ठेवून दिली आहे, रागावू नकोस.

हल्ली कुणाला सरळ काम म्हणून करता येत नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीची चौकट मी सुताराला दोनदा काढायला लावली. तिसऱ्यांदाही वाकडीच. तो पट्टी लावून मलाच दाखवतो, म्हणे बघा आजी, सरळ आहे. मी त्याला घालवून दिला.

तर मुद्द्याचं. एकतीस वर्षं मी डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांना तक्ता वाचायला लावलाय. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली म्हणून अक्कल निवृत्त झालेली नाही. तुझं वय अठ्ठावन्न. एक तर मोतीबिंदू, नाहीतर हाताला कंप. उद्याच्या उद्या डोळे दाखवून ये. बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतून तपासायला सांग, नुसता नंबर काढून पळू नकोस. फोनच करणार होते, पण तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि तुझ्याशी ओरडून बोलले की शेजारी दार उघडून बघतात.

बाकी सगळं ठीक. नातीला, म्हणजे आपल्या चिमणीला, स्कूटरवरून शाळेत सोडते-आणते. परवा एक हातगाडीवाला कुठून मध्ये तडमडला कुणास ठाऊक. थोडक्यात वाचलो. लोक बघून चालतच नाहीत.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून माझं पाणी पाणी झालं. मी ते हिला वाचून दाखवलं, तर ही म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. चाळीस वर्षांत माझ्या रेघेला कुणी नाव ठेवलं नव्हतं गं. अक्षर ठेंगणं आहे म्हणाले, रंग भडक आहे म्हणाले, एका शिंप्यानं तर "तुमच्या पाटीमुळे माझं दुकान लहान दिसतं" म्हणून भांडण केलं. पण रेघ? कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईनं एक डोळा झाकायला सांगितला, मला ऐकू आलं "चहा घ्या," मी म्हटलं नको, आत्ताच घेतला. सगळे हसले. मग ही शेजारी बसून माझ्या कानात ओरडत राहिली. थेंब घातले, चरचरले. अर्ध्या तासानं सगळं जग पांढरंफटक. हनुवटी स्टँडवर टेकवून डॉक्टरांनी आत असा प्रखर उजेड मारला की मला वाटलं, आता हे मेंदूपर्यंत बघणार. आणि शेवटी म्हणाले, "काका, डोळे उत्तम आहेत. मोतीबिंदूची नुसती सुरुवात. दोन-तीन वर्षं विसरून जा."

मला आनंद व्हायला हवा होता ना? उलट पायांखालची जमीनच सरकली. डोळे चांगले, म्हणजे हातच गेला. घरी येऊन कागदावर रेघा मारत बसलो. मला सरळ दिसतात. हिला सरळ दिसतात. पण तू वाकड्या म्हणतेस, आणि नजरेच्या बाबतीत तुझ्या शब्दापुढे आमच्या दोघांचं काय चालणार? एका शाळेच्या मोठ्या फलकाचं काम आलं होतं, ते नाही म्हणून सांगितलं. ब्रश धुऊन ठेवलेत. सकाळी दुकानात जातो आणि नुसता बसतो. काय सांगू तुला.

तुझं पत्र वाचायलाही त्रास झाला हं. दोन ठिकाणी ओळीवर ओळ चढलीये. तू स्वतःचे डोळे कधी दाखवलेस?

टिल्लू


२४ फेब्रुवारी

टिल्लू,

शहाणा आहेस! तुझी रेघ वाकडी आणि डोळे माझे दाखवायचे? तरी पण तुझ्या समाधानासाठी परवा गेले माझ्या जुन्या दवाखान्यात.

माझ्या जागी जी मुलगी लागलीये ती मीच तयार केलेली. मला बघून उठूनच उभी राहिली. मी म्हटलं, अगं बस, आज मी पेशंट. तक्त्यासमोर खुर्चीत बसले, गंमतच वाटली. इतकी वर्षं मी त्या बाजूला असायचे. दोन्ही डोळे एकेक झाकून वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता वाचून दाखवला. शेवटची ओळसुद्धा, ज्या ओळीला कॉलेजातली पोरं अडखळतात: ल, ट, ग, प, र, न, क. धडाधड! पोरगी म्हणाली, "ताई, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

डॉक्टर गडबडीत होते, बाहेर रांग लागली होती. थेंब घालूया का म्हणाले. मी म्हटलं, नको हो, मला स्कूटरवरून शाळेत जायचंय, थेंब घातले तर चार तास काही दिसणार नाही. ते हसले, "तुम्ही तर घरच्याच. तक्ता पूर्ण वाचलात म्हणजे काळजी नाही." झालं. आता बोल.

तेव्हा हाताचं बघ. नसांच्या डॉक्टरांकडे जा. ब्रश ठेवलास ते वाचून वाईट वाटलं, पण चुकीची पाटी लोकांच्या दारावर लागण्यापेक्षा बरं. मोठी बहीण आहे, खोटं गोड बोलणार नाही.

शाळेच्या फाटकाशी मागच्या आठवड्यात थोडा घोळ झाला. ते जाऊ दे, सांगण्यासारखं काही नाही.

ताई


२६ फेब्रुवारी, सकाळी

ताई,

हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, संध्याकाळपर्यंत पोचेल. हिनं सकाळी तुला फोन केला, तर तू हसलीस आणि "त्याला म्हणावं मी ठणठणीत आहे" म्हणून ठेवून दिलास. म्हणून आता लिहितो. बसून वाच.

ती ओळ आता तक्त्यावर नाही.

ल, ट, ग, प, र, न, क ही जुन्या तक्त्याची शेवटची ओळ होती. मीच रंगवलेली, मलाही पाठ आहे. पण नवा तक्ता मागवताना तुमच्या डॉक्टरांनी मला चिठ्ठी पाठवली होती: "वरच्या ओळी तशाच ठेवा, शेवटच्या दोन मात्र बदला. नेहमीच्या पेशंटना त्या पाठ झाल्यात." मी दोन्ही ओळी नव्या घातल्या. जुन्यातलं एकही अक्षर तिथे ठेवलं नाही. तू गुंडाळं सोडलंच नव्हतंस, म्हणून तुला माहीत नाही.

ताई, तू समोरचं काही वाचलंच नाहीस गं. तू पाठ म्हटलंस.

मी तुझं पत्र तीनदा वाचलं. हिनं तुझ्या सुनेला फोन करून सांगितलंय की स्कूटरची किल्ली काढून घे. माझ्यावर चिडायचं तर चीड. चिमणी मागे बसते त्या गाडीवर!

आता एक काम कर, माझ्यासाठी. कपाटामागची पाटी काढ. भिंतीला टेकवून ठेव. आधी डावा डोळा हातानं पूर्ण झाक आणि बघ. मग उजवा झाक आणि बघ. काय दिसतं ते मला खरं खरं लिही. एकतीस वर्षं लोकांचे डोळे झाकलेस, आता स्वतःचा झाक.

टिल्लू


२७ फेब्रुवारी

टिल्लू,

सुनेनं किल्ली काढून घेतली. मी तिला नाही नाही ते बोलले. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि पाटी काढली, तुला खोटं पाडायला.

डावा झाकला. रेघा डुगडुगत होत्या, तशाच. मग उजवा झाकला.

टिल्लू, पाटी नव्हती. म्हणजे कडा होत्या, चार कोपरे होते, आणि मध्ये नुसता राखाडी डाग. मी हात पुढे केला तर माझी बोटंही त्या डागात गेली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आकडे गोल उभे आणि मध्ये काही नाही. काटेच नाहीत. मी किती वेळ तशी उभी होते कुणास ठाऊक. हे कधी झालं? महिना? वर्ष? एक डोळा जाईपर्यंत मला पत्ता नाही? मला? जी रांगेत बसलेल्या प्रत्येकाला सांगायची, "घरी एकेक डोळा झाकून बघत जा हो"?

आता खरं ते सगळं सांगते. तक्त्यासमोर मी लबाडी केली नाही रे, आईशप्पथ. मला खरंच वाटलं की मी वाचतेय. उजव्याला वरचं मोठं अक्षर पुसट दिसलं आणि पुढची आपोआप तोंडात आली; डाव्याला नुसत्या कडाच दिसल्या असणार, पण तोवर सगळ्या ओळी जिभेवर होत्या. तोंडात आली म्हणून दिसल्यासारखी वाटली. आणि त्या पोरीचाही दोष नाही. मीच तिला शिकवलं होतं, "तक्ता पाठ कर आणि नजर पेशंटवर ठेव. मान तिरकी करतोय का, बोटांच्या फटीतून बघतोय का, ते बघ. तक्त्याकडे बघत बसलीस तर लोक फसवतील." ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान सरळ ठेवली होती.

आणि शाळेच्या फाटकाशी काय झालं ते. सुटीची वेळ होती, सगळ्या पोरी एकाच गणवेशात. दोन वेण्यांची एक माझ्यासमोर आली, मी तिचा हात धरला, दप्तर पुढे अडकवलं, मागे बसवली आणि निघालेसुद्धा. चौकापर्यंत गेले. मग मागून रडका आवाज आला, "आजी, मी नाही तुमची." मी वळून तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला तोंडच दिसेना. परत नेऊन सोडलं. तिची आई फाटकाशी किंचाळत होती. आणि आपली चिमणी पायरीवर एकटी बसली होती, मला बघून म्हणाली, "तू मला ओळखलंच नाहीस." मी तिला सांगितलं, आईला सांगू नकोस. सात वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं, टिल्लू. मला माझीच शिसारी येते.

उद्या जाते. सून बरोबर येतेय. मला खूप भीती वाटते आहे.

ताई


३ मार्च

(सुनेच्या हातानं)

टिल्लू,

मी सांगते, ही लिहिते. आज इंजेक्शनच्या वेळी पुन्हा थेंब घातले, त्यांनी अजून डोळ्यांसमोर धुकं आहे.

२८ तारखेला गेले तेव्हा पहिल्यांदा त्या पोरीनं नव्या तक्त्यासमोर बसवलं. मी म्हटलं, काही पाठ म्हणणार नाही, दिसेल तेच सांगेन. उजव्या डोळ्यानं तिसऱ्या ओळीपर्यंत गेले. डाव्यानं वरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा नाही. पोरगी रडायला लागली. म्हणाली, "ताई, मागच्या वेळी मला वाटलं होतं की ओळ वेगळी आहे. पण तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात, मला वाटलं माझंच चुकतंय." बघ, माझ्या धाकानं माझाच घात केला.

डॉक्टरांनी आत बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. ते दोनदा बघतात तेव्हा काय असतं ते मला माहीत आहे. मग पडद्याचे फोटो काढले. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, ज्यानं आपण वाचतो, माणसं ओळखतो, तो खराब झालाय. वयानं होतो. डाव्यात कायमचा व्रण. तिथे आता काही करता येणार नाही. उजव्यात पडद्याखाली रक्त-पाणी पाझरतंय, तो पाझर ताजा आहे, म्हणून रेघा वाकड्या दिसतात. तुझ्याही, सुताराच्याही. उजवा वाचवता येईल, पण दिवस घालवायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी मी थेंब घालायला हवे होते. चूक माझी." मी म्हटलं, मीच घालू दिले नाहीत.

पाझर थांबवायचं इंजेक्शन डोळ्यातच देतात, हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं." मेलं कसलं मुंगी चावल्यासारखं! डोळा बधिर होता, दुखलं नाही हे खरं. पण तोंडावर भोकाचं फडकं, पापण्या चिमट्यानं ताणून धरलेल्या, मिटता येत नाही, पळता येत नाही, आणि सुई येते ती बघावी लागते. मग दाब आला आणि नजरेसमोर शाईचा थेंब पाण्यात फुटावा तसं काळं पसरलं. मी ओरडले. एकतीस वर्षांत ओरडणाऱ्यांना मी "लहान आहात का?" म्हणायची. त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

अशी तीन, दर महिन्याला एक. मग बघू म्हणाले.

सुनेला शाळेचं सगळं सांगितलं. तिनं...

(मामा, हे मी माझं लिहिते. मला आधीच माहीत होतं. चिमणीनं त्याच रात्री सांगितलं होतं. मी आईंना विचारलं नाही, कारण मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. मी आठवडाभर गप्प बसले आणि पोरीला रोज त्याच गाडीवर पाठवलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.)

ही काय लिहितेय आणि का रडतेय मला दिसत नाही. बाकी पुढच्या वेळी.

ताई


८ मार्च

ताई,

पत्र वाचून ही देवापुढे जाऊन बसली आणि मी दुकानात जाऊन बसलो. डाव्या डोळ्याचं वाचल्यापासून घास उतरत नाही. आणि खरं सांगू? राग पण आला. तुझा नाही, माझा. वाकडी रेघ म्हटल्यावर मी डोळे मिटून तुझं ऐकलं. माझी चाळीस वर्षांची रेघ, पट्टी लावून बघायला काय झालं होतं? त्या सुतारानं लावली की! मी पट्टी लावून तुला तेव्हाच ठणकावलं असतं, "ताई, रेघ सरळ आहे, तुझं काहीतरी बिघडलंय," तर तीन आठवडे वाचले असते. लहानपणापासून तू म्हणशील ते खरं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तरी शहाणं व्हावं म्हणतो.

दुसऱ्या इंजेक्शनला मी येतो. बाहेर बसेन. तू कितीही ओरडलीस तरी मला ऐकू येणार नाही, तेव्हा मोकळेपणानं ओरड.

ब्रश अजून धुतलेलेच आहेत. कळतं सगळं, पण हात उचलत नाही.

टिल्लू


१४ जून

टिल्लू,

हे माझ्या हातानं लिहितेय. सुनेनं जाड काळ्या शाईचं पेन आणलंय आणि कागदाखाली ठळक रेघांचा कागद ठेवलाय. एका पानाला पाऊण तास लागला. ओळीवर ओळ चढली असेल तर सांभाळून घे.

तीन इंजेक्शनं झाली, पाझर थांबलाय. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवावं लागेल, लागलं तर पुन्हा. डावा गेला तो गेला. काल उजव्यानं तक्ता वाचला. पाचव्या ओळीपर्यंत! खालच्या दोन दिसल्या नाहीत. मी सरळ सांगितलं, दिसत नाही. हे दोन शब्द म्हणायला मला चौसष्ट वर्षं लागली. पोरगी आता तक्त्याकडे बघते हं, माझ्याकडे नाही. नवीन पद्धत तिनंच काढली, आणि मी तिला शाबासकी दिली.

शेवटच्या ओळीत तू काय लिहिलंयस ते मला कधीही सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. पाठ होईल.

स्कूटर विकली. चिमणी चालत जाते, मी बरोबर असते. फाटकाशी मी एका जागी उभी राहते, शोधायला जात नाही. तीच पळत येते आणि माझा हात धरून आधी म्हणते, "आजी, मी." रोज म्हणते. पहिल्या दिवशी मला तिथेच रडू फुटलं.

सुताराला बोलावून माफी मागितली. तो म्हणाला, "आजी, मी घरी जाऊन पट्टीच बदलली होती, म्हटलं तीच वाकडी असेल." बघ, तुझ्यासारखाच.

आता तुझं. काल मुलाला स्टूल घ्यायला लावलं आणि पाटी दाराबाहेर लावून घेतली. मग पायरीवर उभी राहून उजव्या डोळ्यानं बघितली. रेघा मधोमध अजून थोड्या डुगडुगतात. डॉक्टर म्हणतात, तेवढं राहील.

पण रेघ सरळ आहे, टिल्लू. पहिल्या दिवसापासून सरळ होती. मला ती वाकडी दिसते आणि तरी ती सरळ आहे, हे मी रोज दारातून जाताना मोठ्यांदा म्हणते. शेजारी बघतात, बघू देत.

त्या शाळेच्या फलकाचं काम गेलं नसेल तर घे. ब्रश उचल.

ताई